उपपद

ऐरोलीत, खाडीच्या बाजूला, सहाव्या मजल्यावर
मी चिनी डॉक्टरांचं इंग्रजी नीट करते.
शब्दामागे इतके पैसे, आकृतीतल्या मजकुराला निम्मे,
संदर्भसूचीला काहीच नाही.

सकाळी नऊला मी संगणक लावते तेव्हा
तिकडे साडेअकरा वाजलेले असतात.
कुणीतरी सेंट्रिफ्यूजचं झाकण लावून जेवायला निघालेलं असतं.
माझ्यापर्यंत येतं ते सगळं उरकल्यावरचं:
रक्त गोठवलं, उणे ऐंशीवर ठेवलं.
उंदीर नर, आठ आठवड्यांचे,
बारा तास उजेड, बारा तास अंधार, पाणी हवं तेवढं.
शेवटी त्यांचा बळी दिला, असं ते लिहितात.
मी बळी खोडते. नियमावलीत त्यासाठी
वेगळा, धुतलेल्या हातांचा शब्द आहे.

पण जास्त वेळ खातात ती उपपदं.
चिनीत ‘द’ नाही. मराठीतही नाही.
दोघांच्याही घरात नसलेली वस्तू
मी दिवसभर त्यांच्या वाक्यांत मांडत असते.
शेजारच्या टेबलावर बेनझीर नवी आली तेव्हा तिला सांगितलं,
पहिल्यांदा भेटलेला रुग्ण ‘अ’,
ओळखीचा झाला की ‘द’.
ती म्हणाली, म्हणजे आधी एक माणूस, मग तो माणूस.
हो. एवढंच.

गेल्या मंगळवारी यकृताचा पेपर आला,
नदीकाठच्या कुठल्याशा शहरातलं रुग्णालय,
डॉक्टर शू आणि आणखी नऊ जण.
तक्ता दोन. नोंदवलेले दोनशे चार.
औषध सोसलं नाही म्हणून सोडलेले सहा.
मृत चार.
संपर्क तुटलेले अकरा.
त्या अकरांच्या आधी ‘द’ घालायचा की नाही,
कर्सर तिथे लुकलुकत ठेवून मी चहा गार केला.

कारण आमच्या गोठिवलीचा हासुराम काका
ठाण्यातल्या एका अभ्यासात असाच अकरावा किंवा बारावा होता.
तीनदा गेला, चौथ्यांदा घरीच बसला.
‘मना नाय जावाचा. रगत घेतान, सांगत कायच नाय.’
गावात हळदींचे दिवस होते, रोज एका मांडवात बँजो,
तिथे तो दिसायचा, मटणाच्या टोपाशेजारी, चांगला हसत.
दवाखान्यातून फोन यायचा,
पण फोन नातवाच्या हातात, खेळात अडकलेला.
तिकडे कुणीतरी पेन उचलून लिहिलं असणार: संपर्क तुटला.
इकडे तो रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर
अख्ख्या गावाला सापडत होता.

मी समासात प्रश्न टाकला.
आशयात शिरायची आम्हाला मुभा नाही,
‘अर्थ स्पष्ट होत नाही’ इतकंच म्हणता येतं.
म्हणून तसं म्हटलं: अकरा, की ते अकरा?
कृपया खुलासा करावा.

दोन दिवसांनी फाइल परतली.
मात्रा, टक्केवारी, सगळ्याला होकार, धन्यवाद, होकार.
माझ्या प्रश्नाखाली मात्र काही ओळी,
मोडक्या, कुणी न तपासलेल्या:

‘पाच, नंबर बदलला. तीन, दक्षिणेला मुलाकडे, कारखाना.
दोन माहीत नाही.
सतरा क्रमांक बाई, अभ्यास संपून एक वर्ष, मग आली.
टोपली आणली, पीच. आम्ही खाल्ले.
डेटा बंद झाला होता. हे छापू नये.’

छापलं नाही.
तक्त्यात अकरा तसेच राहिले.
तक्त्याच्या रकान्यात उपपद चालतच नाही,
हे मला आधीपासून माहीत होतं.

फक्त त्या ओळींचं इंग्रजी
कुणी न सांगता मी नीट केलं,
त्या शब्दांचे पैसे लावले नाहीत.
टोपलीआधी ‘अ’.
बाईआधी ‘द’.
‘आम्ही खाल्ले’ यात काही चूक नव्हती.